सर्दीच्या गोळ्यांवरील खरेदी-मर्यादा आणि ग्रामीण भागातील मेथचे उत्पादन: काय साधले आणि काय राहिले

प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात नुकत्याच राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाने औषधाच्या दुकानात सर्दीच्या गोळ्यांचे दोन डबे मागितले. दुकानाने ओळखपत्र तपासले, सही घेतली, एक डबा दिला आणि दुसरा नाकारला. अशा मर्यादांमुळे खेड्यापाड्यांत चालणारे मेथॅम्फेटामिन (थोडक्यात मेथ) या उत्तेजक अमली पदार्थाचे बेकायदा उत्पादन खरोखर थांबले का, की त्रास फक्त चोंदलेल्या नाकाच्या माणसालाच होतो, आणि भारतात असे नियम का दिसत नाहीत, हे प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचे आहे. मी याच भागातील एका लहान गावात बरीच वर्षे फार्मसिस्ट म्हणून काम करते आहे आणि हा नियम रोज माझ्याच हातून अमलात येतो, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते: या मर्यादांनी घराघरांत चालणाऱ्या मेथच्या भट्ट्या पुष्कळ अंशी विझवल्या आणि ते काम मोलाचे होते, परंतु गावातले मेथ त्यांनी कमी केले नाही, आणि कमी केले असे मानून चालल्यामुळे पुढची कामे लांबणीवर पडली.

आधी दुसऱ्या डब्याचा हिशेब सांगते, कारण तो दुकानात कोणी नीट समजावत नाही. नियम डब्यांवर नसून डब्यातील स्युडोएफेड्रिनच्या वजनावर आहे. हे औषध नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून चोंदलेले नाक मोकळे करते. त्याच्या रेणूची रचना मेथॅम्फेटामिनच्या इतकी जवळची आहे की बेकायदा उत्पादकाला त्यातून मेथ बनवता येते. केंद्रीय कायद्यानुसार एका व्यक्तीला एका दिवसात 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅम एवढेच स्युडोएफेड्रिन दुकानातून घेता येते. टपालाने मागवल्यास 30 दिवसांची मर्यादा 7.5 ग्रॅम आहे. हे वजन मूळ द्रव्याचे आहे. गोळीवर छापलेले मिलिग्रॅम हे क्षाराचे, म्हणजे मूळ द्रव्य आणि त्याला जोडलेले आम्ल यांचे मिळून असतात, त्यामुळे मनातल्या मनात केलेले गणित चुकते. 30 मिलिग्रॅमच्या 146, 120 मिलिग्रॅमच्या 36 किंवा 24 तास चालणाऱ्या 240 मिलिग्रॅमच्या 18 गोळ्या म्हणजे एका दिवसाची मर्यादा. शेवटच्या प्रकारच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन डबे घेतले की 20 गोळ्या होतात, म्हणजे मर्यादेपेक्षा दोन जास्त, आणि तिथेच संगणक विक्री अडवतो. ही मर्यादा माणशी आहे, कुटुंबागणिक नाही. रोज एक 240 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या माणसाला महिन्याला सुमारे 5.9 ग्रॅम लागते, म्हणजे एकट्याचे 9 ग्रॅममध्ये सहज भागते. दोघांची औषधे एकाच्याच ओळखपत्रावर घेतली तर भागत नाही. म्हणून घरातील प्रत्येक प्रौढाने आपले औषध आपल्या ओळखपत्रावर घ्यावे. काही राज्यांनी केंद्राहून कडक नियम केले आहेत: इंडियानात 30 दिवसांची मर्यादा 7.2 ग्रॅम आणि वर्षाची 61.2 ग्रॅम आहे. त्यामुळे आपल्या राज्याचा नियम विचारून घेणे बरे.

हे नियम कशातून आले, हे समजण्यासाठी दोन दशकांपूर्वीची खेडी डोळ्यांसमोर आणावी लागतात. मेथ बनवणाऱ्याला एकांत हवा असतो. ओक्लाहोमा, मिसूरी, आयोवा, केंटकी, टेनेसी या राज्यांत एका घरापासून दुसरे घर मैलभर दूर असते. उग्र वास शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. शेकडो चौरस मैलांच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, रात्रपाळीला शेरीफचे (काउंटीच्या पोलीस प्रमुखाचे) दोन-तीन माणसांचे बळ असते, आणि शेतावर खतासाठी ठेवलेल्या रसायनांच्या टाक्या उघड्यावर असल्याने त्यांतून चोऱ्या होत. सर्वांत सोपा कच्चा माल मात्र औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात, अगदी पेट्रोलपंपावरसुद्धा मांडणीवर पडून असे. 2004 च्या सुमारास देशभरात वर्षाला जवळपास 24,000 मेथ-प्रयोगशाळा, त्यांचे टाकलेले साहित्य किंवा रसायनांचे साठे पोलिसांना सापडत होते. 'प्रयोगशाळा' हा शब्द कागदावर येतो म्हणून वापरते. प्रत्यक्षात ते स्वयंपाकघर, मोटेलची खोली, फिरते घर किंवा गाडीची डिकी असे.

या भट्ट्यांचे नुकसान मेथ ओढणाऱ्यापुरते राहत नव्हते. स्फोट होऊन घरे जळत. भाजलेल्या माणसाला योग्य उपचार देणारा विभाग कित्येकदा दोन-दोन तासांच्या अंतरावर असे आणि उपचारांचा प्रचंड खर्च बहुधा सरकारी विम्यावर पडे. भिंतींत, गालिच्यांत, पडद्यांत मुरलेली रसायने पुढच्या भाडेकरूला आजारी पाडत. सर्वांत वाईट म्हणजे त्या घरांत मुले राहत होती. पोलिसांसोबत गेलेल्या समाजसेवकांना मुलांचे कपडे आणि खेळणी तिथेच सोडून, अंघोळ घालून, नवीन कपड्यांत त्यांना बाहेर न्यावे लागे. ज्यांना दुकानातील सही हा निव्वळ छळ वाटतो, त्यांनी हे चित्र एकदा मनात आणावे अशी माझी विनंती आहे.

पहिले मोठे पाऊल ओक्लाहोमाने टाकले. डिसेंबर 2003 मध्ये तेथील महामार्ग पोलीस दलाचे निक ग्रीन हे एका ग्रामीण रस्त्यावर मारले गेले. मारणारा माणूस गाडीतच मेथ बनवत होता. 2004 मध्ये राज्याने स्युडोएफेड्रिनच्या गोळ्या फक्त फार्मसीत, काउंटरच्या मागे आणि ओळखपत्र पाहूनच देण्याचा कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य होते आणि पाठोपाठ अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. 9 मार्च 2006 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मेथविरोधी केंद्रीय कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून वजनाच्या मर्यादा आणि 30 सप्टेंबरपासून काउंटरमागची विक्री, ओळखपत्र व नोंदवही बंधनकारक झाली. नोंदवही किमान दोन वर्षे जपावी लागते आणि तिच्यात खोटी माहिती देणे हा केंद्रीय गुन्हा आहे. त्याची सूचना सहीच्या जागीच छापलेली असते, पण ती कोणी वाचत नाही.

परिणाम लगेच दिसला. 2007 पर्यंत वर्षाचा आकडा सुमारे 7,000 वर आला. मात्र 2010 पर्यंत तो पुन्हा 15,000 च्या आसपास पोहोचला. याचे एक कारण असे की उत्पादनाची अशी पद्धत पसरली ज्यात एका वेळी अगदी थोडा माल बनतो आणि कच्चा मालही थोडाच लागतो. जी मर्यादा मोठ्या भट्टीला पुरी पडली ती या लहान प्रकाराला पुरेना. दुसरे कारण गोळ्या गोळा करणाऱ्यांच्या टोळ्या, ज्यांना इथे स्मर्फ म्हणतात. प्रत्येक माणूस आपल्या मर्यादेतच खरेदी करतो, पण अशी अनेक माणसे एकाच उत्पादकासाठी गोळ्या आणतात आणि बदल्यात पैसे किंवा मेथ घेतात. कागदी नोंदवहीच्या काळात एकच माणूस एका दिवसात चार गावांतील चार दुकाने फिरू शकत होता, कारण चार वह्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

त्यावर उपाय म्हणून नोंदी संगणकाने जोडल्या गेल्या. केंटकीने 2008 मध्ये राज्यभर अशी व्यवस्था सुरू केली, आणि पुढे एनपीएलईएक्स ही अनेक राज्यांना जोडणारी यंत्रणा आली, जिचा खर्च औषध कंपन्या उचलतात. मी ओळखपत्र यंत्राखाली धरते आणि काही क्षणांत विक्री करावी की थांबवावी हे पडद्यावर येते. विक्री नाकारल्यास दुकानातल्या माणसाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर विक्री करून तशी नोंद करण्याचीही सोय त्यात आहे, आणि रात्री एकट्याने दुकान सांभाळणाऱ्यासाठी ती किती महत्त्वाची आहे हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. या यंत्रणेने मर्यादा ओलांडणारा माणूस अडतो. मर्यादेत राहून दुसऱ्यासाठी घेणारा मात्र अडत नाही. केंटकीत ही व्यवस्था आल्यानंतरच्या काही वर्षांत सापडलेल्या भट्ट्यांची संख्या वाढली, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी 2013 च्या अहवालात असेच म्हटले होते की अशा नोंदींमुळे पोलीस तपासाला मदत झाली, पण भट्ट्या त्यामुळे कमी झालेल्या दिसत नाहीत.

ओरेगॉनने 2006 च्या मध्यापासून आणि मिसिसिपीने 1 जुलै 2010 पासून हे औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्यास सुरुवात केली. ओरेगॉनमधील भट्ट्या सापडण्याच्या घटना 2004 च्या शिखरापासून 2011 पर्यंत 90 टक्क्यांहून अधिक घटल्या. मिसिसिपीत पहिल्याच वर्षात त्या साधारण एक-तृतीयांशावर आल्या. चिठ्ठीच्या बाजूचे लोक एवढे सांगून थांबतात. पण ओरेगॉनमधली घट चिठ्ठीच्या नियमाआधीच, औषध काउंटरमागे गेल्यापासून सुरू झाली होती, आणि चिठ्ठीचा नियम नसलेल्या शेजारच्या राज्यांतही त्या काळात घट झाली. मिसूरीत राज्याने चिठ्ठी सक्तीची केली नाही, तेव्हा 2009 मध्ये वॉशिंग्टन नावाच्या तेथील लहान शहराने स्वतःचा नियम केला आणि नंतर कित्येक शहरे व काउंटी त्यामागे गेल्या. शेजारच्या काउंटीत चिठ्ठी लागत नसेल तर वीस मिनिटांचा गाडीचा प्रवास हाच त्या नियमाला उतारा होता. शेवटी ओरेगॉन आणि मिसिसिपी या दोघांनीही 1 जानेवारी 2022 पासून चिठ्ठीची सक्ती काढली. न्यूझीलंडने 2011 मध्ये चिठ्ठी सक्तीची केली होती. तिथेही 2024 मध्ये हे औषध पुन्हा फार्मसिस्टकडून थेट मिळू लागले.

या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी ठेवावी लागते. भट्टी सापडली की तिची नोंद होते, आणि ती सापडते तेव्हा जेव्हा कोणी शोधायला जाते. फेब्रुवारी 2011 मध्ये भट्ट्यांच्या सफाईसाठीचा केंद्रीय निधी संपला. सफाईचा बोजा स्थानिक पोलिसांवर पडताच काही राज्यांत नोंदी एकदम खाली आल्या, तर मिसूरीसारख्या, रसायने सुरक्षित साठवण्याची स्वतःची सोय असलेल्या राज्यात त्या तशाच वर राहिल्या. त्यामुळे एखादे राज्य मेथचे आगर ठरते ते काही अंशी तिथले पोलीस नोंदी नीट ठेवतात म्हणूनही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. भट्ट्या आज खरोखरच फार कमी झाल्या आहेत, हे माझ्या भागातही दिसते. पण त्याचे मोठे श्रेय आमच्या काउंटरपेक्षा मेक्सिकोतून येणाऱ्या स्वस्त मालाला जाते. मेक्सिकोने 2005 नंतर स्युडोएफेड्रिनची आयात आवळत नेली. 2007 मध्ये औषधी रसायनांच्या एका आयातदाराच्या मेक्सिको सिटीतील घरातून 20 कोटी डॉलरहून अधिक रोकड सापडली, तेव्हा या व्यवहाराचा आकार जगाला दिसला. 2008 पासून तिथे या औषधावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्यानंतर तिथल्या टोळ्यांनी सर्दीच्या औषधाची गरजच नसलेला दुसरा मार्ग धरला आणि मोठ्या कारखान्यांत माल बनवायला घेतला. आज इथे पकडले जाणारे बहुतेक मेथ त्याच मार्गाचे असते, त्याची शुद्धता 90 टक्क्यांच्या वर असते आणि भाव पूर्वीपेक्षा उतरलेला असतो. गावातल्या व्यसनी माणसाला स्वतः जीव धोक्यात घालून बनवण्याचे कारणच उरले नाही. मेथच्या वर्गातील उत्तेजक द्रव्यांशी संबंधित मृत्यू 2021 मध्ये देशात 32,000 हून अधिक होते, आणि त्यांतील मोठ्या भागात सोबत फेंटॅनिल हे अतितीव्र अफूसदृश द्रव्यही आढळले. म्हणजे भट्ट्या घटत गेल्या त्याच काळात मृत्यू वाढत गेले.

याची चाहूल आधीच लागली होती. 1995 मध्ये केंद्रीय अमली पदार्थ यंत्रणेने कच्चा माल पुरवणारे दोन मोठे पुरवठादार बंद केले. कार्लोस डॉबकिन आणि नॅन्सी निकोसिया या दोन अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील परिणाम मोजले: ग्रॅमचा भाव 30 डॉलरवरून 100 डॉलरवर गेला, शुद्धता 90 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या निम्म्याने घटली. पण भाव चार महिन्यांत पूर्वपदावर आला आणि शुद्धता व रुग्णसंख्याही पुढे हळूहळू वर सरकली. मला या अभ्यासातून असे दिसते की पुरवठा आवळल्याने थोडा वेळ मिळतो. त्या वेळात उपचारांची सोय उभी केली तर तो वेळ कारणी लागतो, नाहीतर बाजार दुसरी वाट शोधतो.

मर्यादांची किंमत रुग्णांनीही मोजली आहे. औषध काउंटरमागे गेले तेव्हा कंपन्यांनी मांडणीवरच्या डब्यांत त्याऐवजी फिनाइलेफ्रिन घातले आणि लाखो लोक तेच घेत राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की तोंडावाटे घेतलेले फिनाइलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करण्यास उपयोगी पडत नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव प्रशासनाने मांडला. म्हणजे गुणकारी औषधासाठी सही लागत होती आणि निरुपयोगी औषध मोकळे मिळत होते. एवढी वर्षे हे असेच चालले याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांना स्युडोएफेड्रिन हवे आहे त्यांनी संकोच न करता काउंटरवर मागावे. मात्र उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी तसे सांगावे, कारण त्यांच्यासाठी हे औषध धोक्याचे ठरू शकते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे बऱ्याच जणांना पुरते, आणि नाक मोकळे करणारा ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा तीन दिवसांच्या वर वापरू नये.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेला नियम इंडियानाचा 2016 चा आहे. त्याने निर्णयाचा काही भाग फार्मसिस्टच्या हाती दिला: ओळखीचा रुग्ण असेल किंवा संवादातून खरी गरज पटली तर पूर्ण मात्रा द्यावी, नाहीतर मेथ बनवण्यास अवघड असलेले उत्पादन किंवा लहान डबा सुचवावा. चार प्रश्न विचारले की बहुधा कळते. नाक किती दिवस चोंदले आहे, ताप आहे का, सोबत कोणती औषधे चालू आहेत, हे आजारी माणूस न थांबता सांगतो. दुसऱ्यासाठी आलेला माणूस डब्याचे नाव आणि गोळ्यांची संख्या तेवढी सांगतो. अर्थात या अधिकारात पूर्वग्रहाचा धोका आहे. फाटके कपडे, खराब दात, अनोळखी उच्चार पाहून नकार देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि अशा नकाराचा फटका आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांनाही बसतो. म्हणून प्रश्न सर्वांना तेच विचारावेत, हा माझ्या दुकानाचा नियम आहे.

काउंटरच्या पलीकडचे काम उपचारांचे आहे. ओपिऑइडच्या (अफूसदृश द्रव्यांच्या) व्यसनावर जशी मान्यताप्राप्त औषधे आहेत तसे मेथसाठी अजून एकही नाही. नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या जोडीवरील 2021 च्या चाचणीत 13.6 टक्के लोकांना फायदा झाला, तर औषधाऐवजी नुसती बनावट मात्रा घेणाऱ्या गटात ते प्रमाण 2.5 टक्के होते. ही सुरुवात आहे. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो लघवीची तपासणी स्वच्छ आल्यावर लहान बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. कॅलिफोर्नियाने 2023 पासून गरिबांच्या सरकारी विम्यातून ती देण्यास सुरुवात केली. मेथ सोडू पाहणाऱ्याला आठवड्यातून दोनदा तपासणीला बोलावणारे केंद्र चाळीस मैलांवर असेल आणि त्याचा वाहन परवाना रद्द झालेला असेल, तर ही पद्धत खेड्यात चालणार कशी? ग्रामीण फार्मसी आठवड्याचे सहा दिवस उघडी असते, तिथे प्रशिक्षित माणूस असतो आणि तपासणीची जागा करता येते. ज्या यंत्रणेने आम्हाला गोळ्या मोजायला लावले तिने हे कामही आमच्याकडे द्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत, अशी मागणी मी माझ्या व्यवसायातील लोकांकडे आग्रहाने करत असते.

भारताविषयीचे उत्तर तुलनेने लहान आहे. तिथे दुकानात सर्दीसाठी मिळणाऱ्या बहुतेक मिश्रगोळ्यांत फिनाइलेफ्रिन असते, त्यामुळे ग्राहकाला अशी मर्यादा सहसा भेटत नाही. नियंत्रण आहे ते घाऊक पातळीवर: एफेड्रिन आणि स्युडोएफेड्रिन ही अमली पदार्थविरोधी कायद्याखालील 2013 च्या आदेशानुसार नियंत्रित द्रव्ये आहेत आणि त्यांचे उत्पादन, व्यापार, वाहतूक यांसाठी अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे नोंदणी व नियमित विवरणे लागतात. ईशान्येतून, विशेषतः मणिपूरमार्गे, स्युडोएफेड्रिनयुक्त गोळ्या म्यानमारकडे नेताना वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण 2016 चे आहे, जेव्हा ठाणे पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातील एका औषध कारखान्यातून कित्येक टन एफेड्रिन जप्त केले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सापडलेला माल मेफेड्रोनचा होता. ते वेगळे द्रव्य आहे आणि सर्दीच्या गोळ्यांपासून बनत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकरणे एकाच माळेत ओवू नयेत. सोलापुरात जप्त झाला तेवढा माल गोळ्यांच्या डब्यांतून जमवायला स्मर्फांच्या कितीही टोळ्या पुरल्या नसत्या. म्हणून भारतात मेडिकलच्या दुकानातील नोंदवहीपेक्षा कारखान्याच्या गोदामातील साठा, त्याची विवरणे आणि प्रत्यक्ष वजन यांची अचानक तपासणी करणारे पुरेसे निरीक्षक नेमणे, हे मला अधिक तातडीचे वाटते.